कोरड्या सळ्यांचा आकडा

पहिल्या दिवशी त्यांनी मला इस्त्री करायला बसवलं.

मी वसईजवळ गिरीजला काकांच्या वाडीत गेले होते ती विहिरीच्या पाण्याचा खारेपणा मोजणारं यंत्र कसं करतात ते शिकायला. वय बावीस, पिशवीत वही, डोक्यात संताप. दारात सत्तरीतले एक बुटके गृहस्थ उभे होते. खाली हाफ पँट, वर मात्र मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. कोण, कुठली, काही विचारलं नाही. "हात धुतलेस?" एवढंच म्हणाले. मी मोरीवर जाऊन धुऊन आले. मग त्यांनी तांब्याचा पातळ थर दिलेली एक पाटी टेबलावर ठेवली, तिच्यावर छापील कागद पालथा घातला आणि त्यांच्या बायकोची, काकींची, इस्त्री माझ्या हातात दिली.

"दाब. सरकवू नकोस. साडी नाहीये ती."

"आणि साडीला शाई लागली ना, तर ती तुमच्या कंप्यूटरलाच नेसवीन," काकी आतून म्हणाल्या.

कागद भिजवून सोलला की तांब्यावर काळ्या रेघा राहत. मग पाटी एका तपकिरी द्रावात बुडवायची. उघडं तांबं विरघळून जायचं, रेघांखालचं उरायचं. त्या उरलेल्या वाटांवर भोकं पाडायची, सुटे भाग बसवायचे, कथील वितळवून सोल्डर करायचं. झाला बोर्ड. तो तळहाताएवढ्या एका उघड्या कंप्यूटरच्या डोक्यावर, पिनांच्या दोन रांगांवर, दाबून बसवायचा.

"कंप्यूटरलाच का नाही लावायच्या तारा? वर आणखी हे कशाला?" मी विचारलं होतं.

"तो हुशार आहे, पण त्याला फक्त हो आणि नाही कळतं. थोडंसं, जरा जास्त, कालच्यापेक्षा कमी, हे नाही कळत. ते त्याला कळेल अशा भाषेत सांगायला कुणीतरी मध्ये लागतं. तो हा बोर्ड."

मलाही त्या वयात हो आणि नाही एवढंच कळत होतं. मी पत्रकांवर वाढले. विरारच्या आमच्या दोन खोल्यांत पलंगाखाली धान्य नव्हतं, पत्रकांचे गठ्ठे होते. पप्पा कामगारांत काम करायचे, पुढे पाण्याच्या आणि जमिनींच्या भांडणात पडले. माझी अक्षरओळख झाली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. पत्रकात दोनच बाजू असतात. तिसरी बाजू लिहायला कागद पुरत नाही, असं पप्पा गमतीनं म्हणायचे आणि मी ते गमतीनं घेतलं नव्हतं.

त्यांच्याकडे विकतचा बोर्ड चालत नसे. तसा बोर्ड बाजारात तयार मिळतो, घरपोच येतो, हे मी त्यांना एकदा मोबाइलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिलं.

"छान आहे. पण उद्या आकडा चुकला तर मी कुणाला विचारू?"

"कंपनीला."

"कंपनी काय सांगेल? दुसरा पाठवतो. चूक कुठे होती ते सांगेल?" मोबाइल माझ्या हातात परत देऊन ते म्हणाले, "आपण केलेला बोर्ड चुकला तर चूक घरातच असते. शोधली की सापडते."

सुटे भाग ते होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवत. लेबलं जुनीच. "सर्दीतले दोन दे" म्हटलं की रेझिस्टर द्यायचा, "पोटदुखी"त छोटे दिवे. सोल्डर करताना ते श्वास रोखून धरत आणि आपणही धरावा अशी त्यांची अपेक्षा असे. मधे कुणी बोललं की सोल्डरिंगची कांडी स्टँडवर ठेवून, हात जोडून, त्याचं बोलणं संपेपर्यंत डोळे मिटून बसत. गावातली माणसं खोकून आत येत आणि आत असं चाललेलं दिसलं की खोकूनच परत जात.

रोज सकाळी ते विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखत, खळखळून चूळ टाकत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात एक शब्द लिहीत. 'बरं.' 'तसंच.' 'किंचित.' काकी म्हणायच्या, "एवढं लक्ष माझ्या आमटीकडे दिलं असतं तर." पण त्या कॅलेंडरात त्या वर्षी 'किंचित' फार वेळा आलं होतं. केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या होत्या. शेजारच्या दोन वाड्या टँकरवाल्यानं भाड्यानं घेतल्या होत्या आणि त्यांतल्या विहिरींतून पहाटे चारपासून उपसा चाले. पाणी कामणच्या गोदामांकडे जाई, राजोडीच्या रिसॉर्टांचे तलाव भरायला जाई. गोडं पाणी उपसलं की खालून खाडीचं वर येतं. हे गावात सगळ्यांना जिभेनं माहीत होतं. आता त्या टँकरवाल्याला आणखी तीन बोअरवेलची परवानगी हवी होती, आणि तिच्यावर सुनावणी व्हायची होती. जिभेचा पुरावा सुनावणीत चालत नाही. म्हणून पप्पांनी मला तिथे पाठवलं.

एका दुपारी, पाटी द्रावात पडलेली असताना, त्यांनी मला कारखान्याची गोष्ट सांगितली. एका केमिकल कारखान्यात ते मीटर दुरुस्त करायचे. बाहेर सोडायच्या पाण्यावर एक मीटर होतं.

"मॅनेजर म्हणाला, काटा जरा खाली बसव."

"तुम्ही नाही म्हणालात," मी म्हणाले. मला पुढचं सगळं दिसत होतं. राजीनामा, घोषणा, दारावरची सभा.

"बसवला. दोन वर्षं तसाच होता." ते पाटी हळूहळू हलवत होते. "एक स्क्रू असतो. अर्धा फेरा. मग एकदा नाल्याकाठी म्हशी मेल्या, तेव्हा परत वर केला. मला स्टोअरमध्ये बदली दिली. तिथे अकरा वर्षं नटबोल्ट मोजले. हे मी काकीशिवाय कुणाला बोललो नाही."

त्यांनी चिमट्यानं पाटी उचलून उजेडात धरली. "झाली बघ," म्हणाले.

आमचा बोर्ड तयार झाला त्या रविवारी ते राजोडीला कुणाच्या तरी मयतीला गेले होते. शेवटचं काम माझ्याकडे होतं. सोल्डरनंतर बोर्डावर चिकट राळ राहते, ती स्पिरिटनं ब्रश लावून पुसायची. स्पिरिटची बाटली संपली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पप्पांच्या लोकांची बैठक होती आणि मला तिथे बोर्ड विहिरीवर बसलाय असं सांगायचं होतं. त्या वाडीत सगळं एकाच पाण्यानं धुतलं जायचं. भांडी, केळीचे घड, हात, देव. मी बोर्ड विहिरीच्या पंपाच्या धारेखाली धरला, दातांच्या जुन्या ब्रशनं घासला आणि केळीच्या पानावर उन्हात ठेवला. तासाभरात लखलखीत दिसायला लागला.

ते आले. "स्पिरिट लावलंस?"

"हो."

ते मयतीहून आले होते, दमलेले होते. भिंग टेबलावरच होतं. त्यांनी ते उचललं नाही. अंघोळ करून आले आणि बोर्डाला वार्निश मारलं. दुसऱ्या सकाळी सायकलच्या स्पोकच्या दोन सळ्या विहिरीत सोडल्या, त्यांच्या तारा बोर्डाला जोडल्या, डबा पंपाच्या खोपटात टांगला आणि आकडे यायला लागले.

काय आकडे आले! रोज पहाटे आलेख चढायचा, दुपारपर्यंत उतरायचा. पहाटे उपसा, पहाटे खार. हिशेब इतका चोख होता की मला तो पाठ झाला. मी लगेच पत्रक लिहिलं, 'विहीर साक्ष देते'. पप्पांनी त्यातला एक शब्दसुद्धा बदलला नाही. तसं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी सातला त्यांचा फोन आला. "ये."

मी गेले तेव्हा ते खोपटात उकिडवे बसले होते. सळ्या त्यांनी विहिरीतून बाहेर काढल्या होत्या, फडक्यानं कोरड्या पुसून दोरीला टांगल्या होत्या. सळ्यांना पाण्याचा थेंब नव्हता. म्हणजे आकडा शून्य यायला हवा.

तो शून्य नव्हता.

"हवा खारट झाली काय गं?" ते म्हणाले. हसले नाहीत. बोर्ड काढून त्यांनी माझ्यासमोर धरला आणि भिंग दिलं. वार्निशच्या खाली, पिनांच्या पायांशी, पांढरी बारीक रांग होती.

"मीठ आहे. पहाटे दव पडतं, हवा ओली होते, मीठ ती ओल ओढून घेतं. मग पाण्यातून जायच्या आधीच वीज इथून पलीकडे जाते. ऊन पडलं की सुकतं, आकडा उतरतो. आपण विहीर नाही मोजली. थोडी मोजली असेल, पण किती विहीर आणि किती हे, ते आता वेगळं काढता येणार नाही." त्या रांगेवर नख टेकवून म्हणाले, "हा पाण्यानं धुतलाय."

मी भिंगातून बघत राहिले. भिंग डोळ्याला लावलेलं असलं की वर बघावं लागत नाही. त्यांनी विचारलं नाही. एकदा जरी 'कुणी धुतला' असं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. त्यांनी विचारायची वाट मी बघत होते ती 'नाही' म्हणायला.

"काका, उद्या हे बोलू नका," मी म्हणाले. "पाणी खारट होतंय हे खरंच आहे ना? तुम्हीच कॅलेंडरात लिहिता."

"होतंय."

"मग आलेख खरंच सांगतोय."

"नाही. आलेख दुसरंच काहीतरी सांगतोय आणि ते आपल्याला सोयीचं पडतंय."

"समोरचे काय खरं बोलणारेत? त्यांच्याकडे वकील आहेत. आपल्याकडे एवढं एकच आहे."

ते सळ्यांची दोरी गुंडाळत राहिले. मला वाटलं, पटलं.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये होती. पंख्याखालच्या खुर्च्या टँकरवाल्याच्या माणसांनी आधीच धरलेल्या. मी आलेख दाखवला, पत्रकातलीच वाक्यं बोलले, टाळ्या पडल्या. सुनावणी घेणारे साहेब मान हलवून लिहून घेत होते. आणि मागच्या रांगेतून ते उठले. त्या दिवशी फुल पँट घालून आले होते.

"साहेब, हा आलेख धरू नका. बोर्डात दोष आहे. बोर्ड माझ्या घरी केलेला आहे. वार्निश मारायच्या आधी मी तो भिंगाखाली बघायला हवा होता. बघितला नाही. चूक माझी."

हॉलमध्ये गलका झाला. खाडीकडचा एक भातशेतीवाला उभाच राहिला. "भाऊ, येड लागलं काय तुला? आमच्या पान्यासाठी आलास का त्यांच्या?"

साहेबांनी पेन थांबवलं. "म्हणजे विहीर खारट होत नाहीये, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"तसं नाही म्हणत. होतेय. किती होतेय ते मला माहीत नाही, एवढंच म्हणतोय. वर्षभर द्या, मी मोजून देतो."

पंख्याखालून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, वर्षभरानं टँकरनं पाणी पाठवू का तुम्हाला?" लोक हसले. आमचेही काही हसले.

साहेबांनी एका ओळीत लिहिलं, 'विरोधकांकडे मोजमापाचा पुरावा नाही.' महिन्याभरात तिन्ही परवानग्या मिळाल्या.

त्यांनी माझं नाव घेतलं नव्हतं. त्यांनी खोटंही सांगितलं नव्हतं. स्वतःच्या वाट्याची चूक तेवढी सांगितली आणि माझी माझ्याकडे ठेवली. एवढ्यावर मी घरी जाऊन गप्प बसले असते तरी पुष्कळ होतं.

मी पत्रक लिहिलं. त्याच दुपारी, एका बैठकीत, न खोडता. मथळा होता 'काटा खाली करणारे हात'. नाव नव्हतं. पण 'ज्यानं एकदा कारखान्यात दोन वर्षं मीटरचा काटा खाली ठेवून मालकाचं मीठ खाल्लं, त्यानं आज गावच्या विहिरीचाही काटा खाली केला' हे वाक्य होतं, आणि गिरीजमध्ये कारखान्यात मीटर बघणारा माणूस एकच होता.

पप्पांनी वाचलं. "हे कारखान्याचं खरं आहे?"

"त्यांनीच सांगितलंय मला."

"आणि बोर्डात दोष कसा आला?"

"त्यांनी सांगितलं ना सगळ्यांसमोर. त्यांची चूक."

"मग छाप," पप्पा म्हणाले.

रविवारी मी ते चर्चबाहेर वाटलं, देवळाबाहेर वाटलं, बेकरीच्या काउंटरवर गठ्ठा ठेवला. प्रत्येक पत्रक देताना मी लोकांच्या डोळ्यांत बघत होते. खोटं बोलताना आवाज कापतो म्हणतात. माझा कापला नाही. कारण त्या कागदावरचं प्रत्येक वाक्य एकेकटं धरलं तर खरं होतं.

काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. बेकरीवाल्यानं त्यांना पाव दिले ते त्याच पत्रकात बांधून; मुद्दाम की चुकून, ठाऊक नाही. ते घरी आले, पत्रक सुटं केलं, उभ्यानं वाचलं आणि काकींना म्हणाले, "पोरीनं लिहिलंय चांगलं." काकींनी मला हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. लोक त्यांच्याकडे दुरुस्तीला यायचे बंद झाले. ते तरीही रोज विहिरीवर जात होते.

दोन-तीन महिन्यांनी काकी मला वसईच्या बाजारात भेटल्या. मी दुसऱ्या गल्लीत वळत होते, त्यांनी पिशवीच धरली.

"विचारत होते, येत का नाहीस. दुसरा बोर्ड करायचाय म्हणे. इस्त्रीला माणूस नाही."

"तुम्ही नाही का करत?"

"मी सरकवते," काकी म्हणाल्या.

मी येते म्हणाले. गेले नाही. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर गेले असते. शिव्यांना काय उत्तर द्यायचं ते आमच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं होतं. इस्त्रीला ये म्हणणाऱ्या माणसासमोर कसं उभं राहायचं, ते कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुढच्या वर्षीच्या गणपतीनंतर ते गेले. आजारी होते हेही मला ठाऊक नव्हतं. तेराव्याला मी गेले. वाडीत केळी उरल्या नव्हत्या, नारळांचे शेंडे पिवळे पडले होते. काकींनी चहा दिला, तो खारट होता. "आता असाच होतो," त्या म्हणाल्या. "टँकर मागवायला हवा. पण ह्यांनी कधी मागवू दिला नाही."

मग त्यांनी दोन वह्या आणून माझ्या मांडीवर ठेवल्या. दुसरा बोर्ड काकांनी एकट्यानं केला होता. चौदा महिने रोज सकाळी आधी सळ्या कोरड्या करून शून्य तपासलेलं होतं, मग पाण्यात सोडून आकडा घेतलेला होता. ज्या दिवशी शून्य आलं नाही त्या दिवसाचा आकडा लिहिलेला नव्हता, नुसती रेघ. पहाटे चढून दुपारी उतरणारा आलेख नव्हता. नाटक नव्हतं त्यात. आकडे महिन्यागणिक हळूहळू, माघार न घेता वर जात होते, आणि नव्या बोअरवेल सुरू झाल्यावर जास्त वेगानं. आम्हाला सुनावणीत जे हवं होतं ते हेच होतं. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात जुन्या बोर्डाची हकिकत होती. 'पाण्याने धुतला गेला. वार्निशपूर्वी तपासला नाही. चूक माझी.' 'धुतला गेला' असं लिहिलं होतं. कुणी, ते नव्हतं.

"तुला माहीत असेल कुठे द्यायच्या," काकी म्हणाल्या.

त्या वह्या घेऊन मी कचेरीत गेले. परवानग्या रद्द व्हाव्यात म्हणून हरकत घेता येते, मुदत संपायला आठ दिवस होते. टेबलावरच्या कारकुनानं वही चाळली. माणूस वाईट नव्हता, बसा म्हणाला. त्यानं कपाटातून जुनी फाइल काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे तेच मशीन ना? ज्यात दोष निघाला होता?"

"ते नाही. बोर्ड दुसरा आहे."

"करणारा माणूस तोच?"

"हो."

"मग?" त्यानं वही मिटली. "त्यांनीच इथे सांगितलंय, चूक माझी म्हणून. आणि तुमच्याच लोकांनी पत्रक काढलं होतं, ते लावलंय बघा समोरच्या पार्टीनं." फाइलमध्ये माझं पत्रक होतं. नीट पंच करून लावलेलं, त्या एका वाक्याखाली लाल रेघ. "असा माणूस. त्याचे आकडे मी साहेबांपुढे कसे ठेवू?"

"चूक त्यांची नव्हती," मी म्हणाले. "बोर्ड मी धुतला होता. विहिरीच्या पाण्यानं. स्पिरिट लावलं असं खोटं सांगितलं."

"काय धुतलं?"

मी पुन्हा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, मग एक कोरा कागद पुढे केला. "तोंडी नाही चालत. अर्ज द्या. वर विषय लिहा, एका ओळीत."

मी बाकावर बसले. पत्रकाचा मथळा मला कधी सुचला नाही असं झालं नव्हतं. अर्धा तास लागला. 'विषय : सर्किट बोर्ड मी पाण्याने धुतल्याबाबत.' खाली सगळं लिहिलं, पत्रकाचंही लिहिलं, पूर्ण नाव घालून सही केली. कारकुनानं वाचलं, दोनदा वाचलं. हे कुठल्या टेबलाकडे जाईल ते आपल्याला सांगता येत नाही म्हणाला, पण आवक क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि पोच दिली.

वह्यांची पोच दिली नाही.